दम कुणाला धरता येतो

आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत ती पंचवीस-तीस गिरणी कामगारांची खाणावळ चालवायची आणि त्यांचा हिशेब एका वहीत खुणांनी ठेवायची. दर माणसाला एक पान. पानाच्या डोक्यावर त्याची खूण: कुणाची छत्री, कुणाचा मासा, कुणाच्या नुसत्या मिश्या. खाली उभ्या रेघा, एका जेवणाची एक. चार झाल्या की पाचवी आडवी. रविवारी मटण असेल तर रेघेच्या डोक्यावर टिंब. ती वही आता माझ्याकडे आहे. मी लोअर परळच्या एका ऑफिसात हिशेब बघते. आयुष्यभर ताळेबंद तपासले, पण इतका स्वच्छ हिशेब क्वचितच पाहिला.

वहीतली शेवटची भरलेली पानं १९८२ ची आहेत.

आमच्याकडे चार माणसं जमली की भांडवलशाही बरी की साम्यवाद, हा वाद निघतोच. भाचा शेअर बाजारात रमलेला, त्याला लाल रंग दिसला की रशियातल्या रांगा आठवतात. थोरले दीर जुने युनियनवाले, त्यांना मॉल दिसला की तिथे होती ती गिरणी आठवते. दोघांचंही म्हणणं मला पटतं आणि दोघांचंही अपुरं वाटतं. मला या वादात शिरायचं झालं तर त्या वहीच्या वाटेनंच शिरावं लागतं.

खाणावळ चालायची ती उधारीवर. गाळ्यात पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपणारे, बायकामुलं गावी ठेवून आलेले गडी. पगार झाला की ते आत्याचे पैसे द्यायचे. महिनाभर आत्या वाण्याकडून तांदूळ, डाळ, तेल उचलायची. वाणी लाल कापडाच्या लांबट वहीत ते मांडून ठेवायचा आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा लावायचा. वाण्याला मशीद बंदरचा घाऊक व्यापारी मुदत द्यायचा. म्हणजे गिरणीतून पगार येईपर्यंत आत्या गड्यांसाठी दम धरायची, वाणी आत्यासाठी आणि व्यापारी वाण्यासाठी. अडीनडीला आत्याचं मंगळसूत्रही त्याच वाण्याकडे जाऊन बसायचं. या साखळीत जो जितका वर, त्याला तितका जास्त दम धरता यायचा, आणि त्या दम धरण्याचे पैसे तो खालच्याकडून वसूल करायचा. भांडवल हा शब्द मला पुढे कॉमर्सला शिकवला, व्याख्येसकट. पण मला तो कळला होता आत्याच्या रिकाम्या गळ्यावरून. भांडवल म्हणजे दम धरण्याची ऐपत.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार, साठावर गिरण्या. पगारवाढ, बदली, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजच्या रोज घेतल्या जाणाऱ्या कामगारांना कायम करणं, आणि १९४६ च्या ज्या कायद्याने गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिला होता, तो कायदा जाणं, अशा मागण्या होत्या. बाबा साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या मागांवर होते. पहिले काही आठवडे चाळीत गणपतीत असतो तसा उत्साह होता. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत आहेत, महिना-दोन महिन्यांत निकाल लागेल, असं सगळे म्हणत. आत्याच्या वहीत त्या दिवसांच्या रेघा ओळीने उभ्या आहेत, एकही जेवण चुकलेलं नाही. १९७४ च्या बेचाळीस दिवसांच्या संपात गिरणगावातल्या खाणावळवाल्यांनी उधारीवर गड्यांना जेवू घातलं होतं. या वेळीही तसंच करायचं, यात तिला विचार करण्यासारखं काही वाटलं नाही.

मग टिंबं संपली. एप्रिलनंतर एका रविवारीही मटण नाही. मग एकेक पान मध्येच थांबतं. छत्री थांबली, कारण तो संगमेश्वरला गावी गेला. मासा थांबला. मिश्यांच्या पानावर दिवसाला एकच रेघ दिसते, कारण तो एका वेळचंच जेवायला लागला होता. दिवाळीआधी वाणी घरी आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, ‘‘ताई, मला वरून माल यायचा थांबला. आता माझाही दम संपला.’’ आत्याने त्याला कधी वाईट म्हटलं नाही, आणि मीही म्हणणार नाही. तोही साखळीतली एक कडीच होता.

गिरणीमालकांचा दम मात्र संपला नाही. त्यांच्या गोदामात न खपलेला माल पडून होता, तो संपाच्या काळात निघाला. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवरून विणून घेता येत होतं. शिवाय पायाखालच्या जमिनीचा भाव बसल्या जागी वाढत होता. गिरणी बंद ठेवून थांबणं हाच काहींसाठी धंदा झाला. संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. तो नुसता विरून गेला.

हे दुखणं सगळ्यात आधी कुणी नेमकं सांगितलं, तर मार्क्सने नाही. भांडवलशाहीचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात त्या अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली लिहून ठेवलंय की, मालक आणि मजूर यांच्या भांडणात मालक कितीतरी जास्त काळ तग धरतात; कामाशिवाय बरेच मजूर आठवडाभरही निभावू शकत नाहीत, महिना काढणारे थोडे, वर्ष काढणारा जवळपास कुणी नाही. मी ते वाचलं तेव्हा वाण्याचा आवाज कानात आला. मार्क्सने पुढे त्याच्या मुळाशी हात घातला: मजुराकडे विकायला फक्त स्वतःची श्रमशक्ती असते. आणि ती साठवता येत नाही. कापड गोदामात ठेवता येतं, जमीन वर्षानुवर्षं पडून राहू शकते. पण चुकलेली पाळी दुसऱ्या दिवशी विकता येत नाही.

हे खरं आहे म्हणून भाच्याचं खोटं ठरत नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये नफ्यासाठी गिरणी काढायला घेतली नसती, आणि तिच्यामागे आणखी गिरण्या आल्या नसत्या, तर माझे आजोबा कोकणात खोताच्या जमिनीत राबत राहिले असते. खोत सांगेल तेवढा मक्ता, खोताच्या घरची वेठ. मुंबईने त्यांना त्यातून सोडवलं. इथे त्यांना पहिल्यांदा रोख पैसा दिसला, आणि कामावर घेणाऱ्या एका जॉबरशी पटलं नाही तर दुसऱ्या गिरणीच्या दारात उभं राहण्याची सोय दिसली. ही सोय फार मोठी आहे. ज्याला ती जन्मापासून मिळाली त्याला तिचं मोल कळणं कठीण.

मात्र तीही सगळ्यांना सारखी मिळाली नाही. साचेखात्यात पगार बरा असायचा. मागावर आडवा धागा नेतो तो धोटा. त्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागायचं. एवढ्या कारणावरून दलित कामगारांना साच्यावर घेत नसत. त्यांना कमी पगाराच्या खात्यांत ठेवलं जाई. १९२८ चा संप सहा महिने चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते, आणि त्यातूनच लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तेव्हा डॉ. आंबेडकरांनी हाच प्रश्न समोर ठेवला: संप सगळ्यांचा, तर साचा सगळ्यांचा का नाही? नफ्याच्या हिशेबात जात बसत नाही, असं भांडवलशाहीचं पुस्तक सांगतं. कामगाराला जात नसते, असं साम्यवादाचं. परळच्या साचेखात्यात दोन्ही पुस्तकं हरली. बाबा तिथे लागले ते आमच्या जातीमुळे लागू शकले, हे मला उशिरा कळलं. ते मी विसरू इच्छित नाही.

आता थोरल्या दिरांच्या बाजूकडे येते. लहानपणी समाजवादाचा एक तुकडा मी रोज पहाटे हातात धरून आणायचे. आरेचं दूध. पाच वाजता सेंटरवर रांग, हातात कार्ड आणि रिकाम्या बाटल्या. ज्याला मागे घरी जावं लागे तो आपल्या जागी दगड किंवा पिशवी ठेवून जायचा, आणि त्या दगडाचा नंबर कुणी घ्यायचं नाही. नाक्यावरच्या डॉक्टरीणबाईंना जी बाटली तीच आम्हाला, त्याच भावात, पातळ पत्र्याच्या बुचासकट. त्या समानतेची चव मला आजही आठवते. पण माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा कार्डावरचं दूध वाढवून मिळायला इतके महिने गेले, की तोवर तो पेज खायला लागला होता. बाळ आलं, कार्डाला ते ठाऊक नव्हतं.

साम्यवादी देशांत हेच अख्ख्या देशाच्या मापाचं होतं. हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई त्याच व्यवस्थेत राहून, तिचे आकडे हाताळून या निष्कर्षाला आले की तिथली टंचाई ही कुणा अधिकाऱ्याची चूक नव्हती, ती व्यवस्थेच्या घडणीतच होती. कारखाना तोट्यात गेला तरी सरकार सावरून घेणार, म्हणून प्रत्येक कारखाना हवा-नको तो कच्चा माल साठवणार. दुकानात माल संपला तरी भाव हलणार नाही, म्हणून कुणालाच खबर लागणार नाही की काय कमी पडतंय. भाव वाढला की गरीब रांगेबाहेर फेकला जातो, हे मी बघितलंय. पण भाव मुका केला की सगळ्यांनाच रांगेत उभं राहावं लागतं, आणि पुढे कुणाला घ्यायचं ते आतला माणूस ठरवतो. भांडवलशाहीत दम धरता येणारा जिंकतो. साम्यवादात दम धरण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही.

तिथे मिळालेलं कमी नव्हतं. क्रांतीआधी ज्या रशियात बहुसंख्य माणसं निरक्षर होती, तिथे पंचवीस वर्षांच्या आत बहुतेक सगळे लिहू-वाचू लागले. भाडं नाममात्र, दवाखाना फुकट, नोकरी जायची भीती नाही. आत्या तिथे जन्मली असती तर तिला छत्र्या आणि मासे काढावे लागले नसते. पण तिला स्वतःची खाणावळही काढता आली नसती.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, संप करता आला नसता. ही एकच गोष्ट मी दिरांना पुन्हा पुन्हा सांगते, आणि ते गप्प होतात, कारण ते प्रामाणिक आहेत. जून १९६२ मध्ये रशियातल्या नोवोचेर्कास्क गावात मांस आणि लोणी महाग झालं, त्याच सुमारास रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात मजुरीचे दर कापले गेले. कामगार लाल बावटे आणि लेनिनच्या तसबिरी घेऊन रस्त्यावर आले. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. वीसहून जास्त माणसं मेली, त्यांना गुपचूप पुरलं, पुढे सात जणांना मृत्युदंड दिला, आणि त्यांच्या देशातल्या वर्तमानपत्रांत पंचवीसएक वर्षं ओळसुद्धा आली नाही. आमच्या चाळीतले लोक १९२८ मध्ये इंग्रज साहेबाच्या राज्यात सहा महिने संप करू शकले आणि कामगारांच्या राज्यात कामगारांच्या संपाला दुसऱ्याच दिवशी गोळ्यांनी उत्तर मिळालं. १९३२-३३ चा युक्रेनचा दुष्काळ असो की १९५८ नंतर चीनमध्ये कोट्यवधी बळी घेणारा, तिथेही उपासमारीइतकाच जीवघेणा होता तो ‘इथे माणसं मरतायत’ हे मोठ्याने म्हणण्याचा गुन्हा.

चीनच्याच आन्ह्वे प्रांतात शाओगांग नावाचं गाव आहे. १९७८ च्या हिवाळ्यात तिथल्या अठरा शेतकऱ्यांनी चोरून एक कागद केला. सामुदायिक जमीन घराघरांत वाटून घ्यायची, सरकारचा वाटा भरून उरेल ते ज्याचं त्याने ठेवायचं, आणि यापायी कुणाला तुरुंगात जावं लागलं तर बाकीच्यांनी त्याची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळायची. पुढच्या हंगामात पीक कितीतरी पटीने वाढलं आणि पुढे सरकारनेच तो मार्ग धरला. मला त्यातलं पीक महत्त्वाचं वाटतंच, पण त्याहून जास्त वाटतं ते मुलांबद्दलचं कलम. आपल्या कष्टाचं फळ आपल्याकडे ठेवायची परवानगी त्यांना हवी होती आणि ती मिळवायला एकमेकांच्या मुलांची हमीही हवी होती. एकाच कागदावर दोन्ही, अंगठ्यांसकट.

तसाच एक कागद आत्यानेही केला होता. गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या आणि नंतर गिरणगावात लाल बावट्याबरोबर काम केलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये खाणावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. या बायका कुठल्याच युनियनमध्ये बसत नव्हत्या. त्या मजूर नव्हत्या, मालकही नव्हत्या. त्यांना मोर्चा नको होता, वाण्याच्या तावडीतून सुटायला थोडं भांडवल हवं होतं. १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं असल्यामुळे बँकेचं दार निदान ठोठावता येत होतं. प्रेमाताईंनी ते ठोठावलं. बायका एकमेकींना हमी राहिल्या. आत्याने त्या कर्जातून पहिल्यांदा रोखीने तांदळाची गोणी आणली आणि मंगळसूत्र सोडवलं, ते वर्ष आमच्या घरात अजून सांगतात. एक कम्युनिस्ट बाई, सरकारी मालकीची बँक आणि आत्याचा स्वतःचा छोटा धंदा. यातलं एक काढलं असतं तरी ती गोणी आली नसती.

सरकारी मालकीने सगळं भागतं, असं म्हणायचं धाडस मी त्यावरून करणार नाही. संपानंतर १९८३ मध्ये मुंबईतल्या तेरा गिरण्यांचा कारभार सरकारने हाती घेतला. त्याही पुढे बंद पडल्या. मालक बदलला, यंत्रं तीच जुनी राहिली, आणि कामगाराला विचारणारं कुणी नव्हतं ते नव्हतंच.

१९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ संपला. त्याच वर्षी जुलैत आपल्याकडे परमिटराजची दारं उघडली, आणि त्याच वर्षीच्या मुंबईच्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची तीन भागांत वाटणी ठरली: एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. माझ्या मते या शहराने कागदावर केलेला तो सर्वात न्याय्य तह होता. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची. इमारत पाडून मोकळी झालेली जागा वाटणीत धरायची नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली. एका शब्दाच्या अर्थाने एकरच्या एकर गेले. पुढे गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली, दीड लाखाच्या आसपास कुटुंबांनी अर्ज केले, आणि घरं हजारांत. बाबांचा अर्ज आहे. बाबा नाहीत. साचेखात्याच्या तुसांनी त्यांची छाती धरली होती, शेवटची वर्षं ते जिन्याच्या प्रत्येक वळणावर उभे राहून दम खायचे. अर्जावर आता आईच्या नावाची वारस म्हणून नोंद आहे.

मला विचाराल तर बाजार हवा. कुणाला काय हवंय हे एका ऑफिसात बसून कुणालाही कळत नाही, ते आरेच्या कार्डाने मला शिकवलं. पण बाजारात उभं राहणाऱ्या प्रत्येकाच्या पायाखाली इतकी जमीन हवी, की मजुरी परवडत नसेल तर तो ‘नाही’ म्हणून चार महिने घरी बसू शकेल. रेशन, इस्पितळ, डोक्यावर छप्पर आणि स्वतः निवडलेली युनियन, हे मिळून तो दम तयार होतो. या चार गोष्टींना जो फुकटेपणा म्हणतो त्याने कधी वाण्याच्या पायरीवर उभं राहून पाहिलेलं नाही. आणि या चार गोष्टींच्या बदल्यात जो माझं तोंड बंद करायला मागतो, त्याला मी ते बंद करू देणार नाही.

गेल्या आठवड्यात ऑफिसातून उशिरा निघाले. आमची इमारत जिथे आहे तिथे पूर्वी गिरणी होती. आवारात चिमणी राखून ठेवली आहे, तिच्यावर रात्री दिवे सोडतात. गेटाबाहेर खाण्याची पार्सलं पोचवणारी मुलं दुचाक्यांवर बसून मोबाइलकडे बघत होती. एक जण डबा उघडून भाकरी खात होता. भाकरी घरची दिसली म्हणून विचारलं. चिपळूणकडचा निघाला. खोलीत आठ जण राहतात, चाळीतल्या एक मावशी डबा देतात.

‘‘ऑर्डर येईपर्यंत थांबायचे काही मिळतात का?’’

‘‘नाही काकी. ऑर्डर पोचली की मिळतात.’’

‘‘मग मावशींचे पैसे कसे देतोस?’’

‘‘महिन्याचे एकदम. त्या थांबतात.’’

‘‘आणि त्यांच्यासाठी कोण थांबतं?’’

त्याला ते माहीत नव्हतं. तो विचार करत होता, तेवढ्यात मोबाइल वाजला. उरलेली अर्धी भाकरी त्याने घडी घालून डब्यात ठेवली, झाकण दाबलं आणि गेला.